गळिताची पिके व गुरांची ढेप
(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांकरिता)

ज्या शेतकऱ्याच्या बांधीत जवस पिकते, त्याच्याच बैलांच्या गव्हाणीत जवसाची ढेप दिसत नाही, ही स्थिती आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक गावी आढळते. बी खळ्यावरून थेट व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते, त्याचे तेल दूरच्या गिरणीत निघते, आणि पुढे गोठ्यास खुराक लागला म्हणजे तीच वस्तू पोत्यात भरून, वाहतूक व अडत अंगावर घेऊन, बी विकणारासच विकत घ्यावी लागते. तेवढा पैसा हाती नसला म्हणजे जनावर नुसत्या तणसावर उन्हाळा काढते आणि मृग लागताच चिखलणीस जुंपले जाते. बैल बसला, गाय आटली, कालवड वेळेवर माजावर आली नाही, ह्या तक्रारींपैकी पुष्कळांचे मूळ रोगात नसून गव्हाणीत असते, असे आमचे मत आहे. सबब आपल्या भागातील कोणत्या तेलबियांची ढेप जनावरास घालण्याजोगी आहे, कोणती घातक आहे, ती किती व कशी घालावी, आणि ती घरात कशी राहील, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रश्न जुनाच आहे

इंग्लंडातील रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हे १८८९ साली हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यास आले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी मध्यप्रांतातील जवस आगगाडीने मुंबई बंदरास जाई व तेथून विलायतेस रवाना होई. तेल परदेशी गेल्याने जमिनीचे फारसे नुकसान होत नाही, परंतु सबंध बी गेले म्हणजे जमिनीचा कस त्याच्याबरोबर जातो, हा मुद्दा त्यांनी स्पष्टपणे मांडला. तिकडचा शेतकरी ती ढेप आपल्या गुरांस चारी, व त्या गुरांच्या खताने त्याची जमीन सुधारे.

पुढे लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनपुढे हा प्रश्न पुन्हा आला. बी व ढेप ह्यांच्या निर्यातीस बंदी करावी, अशी मागणी अनेकांनी केली. १९२८ सालच्या अहवालात कमिशनने ती मान्य केली नाही, कारण बंदीने भाव पडून नुकसान शेतकऱ्याचेच होईल. तेल देशातच गाळण्याचा धंदा वाढावा, हाच योग्य मार्ग होय, असा त्यांचा अभिप्राय पडला. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि तेथील मगनवाडीत श्री. झवेरभाई पटेल ह्यांनी बैलघाणी सुधारून दाखविली, त्यामागेही हाच हेतू होता. तेल गावात निघाले तर ढेप गावात राहते, हे साधे सूत्र त्यात आहे. तथापि घाणी पुढे गावोगाव बंद पडत गेल्या, व सूत्र कागदावर राहिले.

ढेपेत असते काय

बियांतील तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो त्यास पेंड किंवा आपल्या भागात ढेप म्हणतात. तेल गेले तरी बियांतील प्रथिन ढेपेतच राहते. शरीरातील मांस, दुधातील केसीन, वासराची वाढ ही सर्व प्रथिनावर होते. प्रथिनात नत्र असते. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्यास सव्वासहाने गुणिले म्हणजे प्रथिनाचा आकडा मिळतो. यास्तव जी ढेप खत म्हणून चांगली ती खाद्य म्हणूनही चांगली असावी, असे कित्येकांस वाटते. हा समज कसा घातक आहे ते पुढे येईल.

आता तणसाकडे पाहू. धानाच्या तणसात प्रथिन शेकडा ३ ते ४ असते, व त्यातील बहुतेक पचत नाही. त्यात वाळूच्या जातीचा सिलिका पुष्कळ असतो, आणि ऑक्झॅलिक आम्ल असल्याने अंगातील चुना खर्ची पडतो. मग तणसावर जनावर जगते कसे? गाय, बैल, म्हैस ह्यांच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. तणसातील काष्ठमय भाग तेच फोडतात व त्यांच्याच वाढीतून जनावरास पोषण मिळते. परंतु ह्या सूक्ष्म जीवांसही नत्र लागते. ते न मिळाल्यास त्यांची संख्या घटते, तणस पोटात अधिक काळ पडून राहते, आणि जनावर पोट भरूनही वाळत जाते. थोडी ढेप घातली म्हणजे ढेपेचे पोषण तर मिळतेच, परंतु तेच तणस अधिक पचते व जनावर ते अधिक खाते. नुसत्या तणसावरील बैलास अर्धा किलो ढेप दिल्याने जो फरक दिसतो तो अर्ध्या किलोच्या मानाने फार मोठा असतो, त्याचे कारण हेच होय.

ढेपेचे प्रकार

तेल काढण्याच्या रीतीवरून ढेपेचा गुण बदलतो. घाणीच्या ढेपेत शेकडा ८ ते १२ तेल राहते, यांत्रिक दाबाच्या (एक्स्पेलर) ढेपेत ६ ते ८ राहते, आणि रासायनिक द्रव्याने तेल धुऊन काढलेल्या ढेपेत जेमतेम १ उरते. पहिल्या दोहोंत उष्मा देण्याची शक्ती जास्त असते, तर तिसरीत प्रथिनाचे प्रमाण थोडे जास्त असून ती लवकर खवट होत नाही. आपल्या उपयोगाच्या खाद्यांतील प्रथिनाचे शेकडा प्रमाण साधारणपणे असे असते :

सोयाबीनची ढेप (तेल धुतलेली) — ४४ ते ४८
भुईमुगाच्या दाण्यांची ढेप — ४० ते ४५
तिळाची ढेप — ३५ ते ४०
जगनीची (कारळ्याची) ढेप — ३० ते ३५
जवसाची ढेप — २८ ते ३२
सरकीची ढेप, टरफलासह — २० ते २४
करडईची ढेप, टरफलासह — सुमारे २०
धानाचा स्वच्छ कोंडा — १२ ते १४

जवस

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली ह्या तालुक्यांत व गडचिरोलीच्या आरमोरी, वडसा, चामोर्शी इकडील धानपट्ट्यात जवस हे उतेऱ्याचे पीक होय. धान कापणीस दहा-पंधरा दिवस असता ओल्या बांधीत जवस, लाखोळी किंवा हरभरा फेकावयाचा, नांगरणी नाही की पाळी नाही, असा हा क्रम आहे. आमच्या चाकरीच्या काळात धानपट्ट्यातील गावांच्या पेरेपत्रकांत रब्बीच्या रकान्यात जवस व लाखोळी ही नावे जोडीने येत. नंतर नंतर त्या जागी ‘पड’ असा शेरा अधिक दिसू लागला. धान निघाल्यावर मोकाट गुरे सुटतात, एकट्याने पेरले तर राखण परवडत नाही, आणि बियास गिऱ्हाईक दूरचे, ही कारणे शेतकरी सांगत व ती खरी आहेत.

जवसाच्या बियात तेल शेकडा ३५ ते ४२ असते. घाणीवर एक क्विंटल बियाचे सुमारे ६० ते ६५ किलो ढेप पडते. ही ढेप चवीस गोड व पचनास हलकी असते. तिच्यातील बुळबुळीत द्रव्याने कोठा साफ राहतो, कातडीवर तुकतुकी येते, व विणीजवळ आलेल्या गाईस ती विशेष मानवते. मात्र नुसती जवसाची ढेप पुष्कळ दिली तर लोणी मऊ होते. सरकीने ते घट्ट होते, म्हणून दोन्हींचा मेळ घालणे उत्तम.

एक इशारा येथे अवश्य दिला पाहिजे. जवसात एक द्रव्य असते, ज्यापासून पाण्याच्या व बियातीलच एका पाचकाच्या योगाने प्रूसिक आम्ल नावाचे तीव्र विष सुटते. ज्वारीच्या कोवळ्या, पाण्यावाचून वाळलेल्या पोंग्यांनी गुरे तडकाफडकी मरतात ती ह्याच विषाने. गरम करून गाळलेल्या ढेपेत ते पाचक नष्ट झालेले असते, परंतु थंड दाबाच्या ढेपेत व कच्च्या, अपक्व बियांत ते राहते. म्हणून जवसाची ढेप कोमट पाण्यात भिजवून तासन्‌तास ठेवू नये. कोरडी चुरून घालावी, किंवा आंबोण करावयाचे असल्यास पाण्यास खळखळून उकळी आणून दहा मिनिटे शिजवावी. जवसाच्या हिरव्या पिकात गुरे शिरू देऊ नयेत. जनावर धापा टाकू लागले, लडखडले, तोंडाची आतील कातडी लालभडक दिसली, तर घरगुती उपाय करीत न बसता पशुवैद्यास तात्काळ बोलवावे. ह्यावर शिरेतून देण्याचा उतारा आहे, परंतु वेळ थोडा असतो.

नागपूरच्या कृषि महाविद्यालयातील जवस संशोधन केंद्रातून एनएल ९७ व पीकेव्ही एनएल २६० हे वाण निघालेले आहेत. उतेऱ्याकरिता बी घेताना सिंदेवाही येथील कृषि संशोधन केंद्रात चौकशी करावी.

धानाचा कोंडा

झाडीपट्टीत धान हे मुख्य पीक असता धानाच्या कोंड्यास कोणी तेलाचे पीक समजत नाही. परंतु स्वच्छ कोंड्यात तेल शेकडा १५ ते २० असते. जुन्या हलरच्या गिरणीत तूस व कोंडा एकत्र पडतात. असा कोंडा भुरकट, टोचरा व हलका असतो आणि त्यात अर्धेअधिक तूसच असते. तूस वेगळे काढणाऱ्या गिरणीचा कोंडा मऊ, तेलकट व जड असतो. तोच घ्यावा. कोंड्यातील तेल फार लवकर खवट होते, यास्तव तो ताजा, आठवडाभर पुरेल इतकाच आणावा.

तेल धुऊन काढलेल्या कोंड्यास बाजारात ‘डीओआरबी’ म्हणतात. त्यात प्रथिन सुमारे १५ असते व तो टिकतो. जनावरांच्या खाद्याचे भाव चढल्यामुळे केंद्र सरकारने २८ जुलै २०२३ रोजी ह्या कोंड्याच्या निर्यातीस बंदी घातली व तिची मुदत पुढे अनेकदा वाढविली. जी वस्तू आपण गिरणीवाल्याकडे हिशेबावाचून सोडून देतो तिच्यावर परदेशच्या व्यापाऱ्याचा डोळा असतो, हे ह्यावरून ध्यानात यावे. धान भरडावयास नेताना तांदळाच्या काट्याबरोबर कोंड्याचाही काटा मागावा.

सरकी व सोयाबीन

वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना ह्या काळ्या जमिनीच्या भागात कापूस व सोयाबीन ही पिके मुख्य आहेत. सरकीची ढेप आपल्याकडे सर्वांत परिचित आहे. तिच्यात प्रथिन मध्यम, परंतु चोथा चांगला असल्याने दुधाची स्निग्धता वाढते, असा म्हैस पाळणारांचा अनुभव आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बहुतांशी बांधले जाते, परंतु चार महिन्यांच्या आतील वासरे, डुकरे व कोंबड्या ह्यांस ते बाधते. सबब वासरास सरकी वा तिची ढेप घालू नये, वळूस बेताने घालावी. सबंध सरकी भिजवून घालावयाची तर मोठ्या जनावरास दिवसास एक किलोच्या फार पुढे जाऊ नये, कारण तेल अधिक झाले म्हणजे पोटातील सूक्ष्म जीव मंदावतात.

सोयाबीनचे बी कच्चे असता त्यात प्रथिनाचे पचन रोखणारे द्रव्य असते. ते भाजल्याने जाते. म्हणून घरचे सोयाबीन घालावयाचे असल्यास मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, भरडून, दुभत्या गाईस दररोज अर्धा ते पाऊण किलोच घालावे. कच्च्या सोयाबीनबरोबर युरियायुक्त खाद्य कदापि देऊ नये. कच्च्या बियातील पाचकाने युरियाचा अमोनिया पोटातच एकदम सुटतो व जनावर फुगून मरते.

सोयाबीनच्या भावासंबंधी दोन शब्द येथे लिहिणे प्राप्त आहे. ह्या बियात तेल शेकडा १८ ते २० व ढेप सुमारे ८० निघते. अर्थात त्याचा भाव तेलापेक्षा ढेपेनेच अधिक ठरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्याकरिता १२ लाख टन सोयाढेप परदेशातून आणण्यास सरकारने परवानगी दिली. पुढे मका व तांदूळ ह्यांपासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले व त्यांचा प्रथिनयुक्त चोथा खाद्याच्या बाजारात स्वस्त येऊ लागला, त्याने सोयाढेपेची मागणी घटली. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असता बाजारात सोयाबीन त्याहून खाली विकले गेले, त्याच्या कारणांत हे एक होते. आपण बी विकतो, पण बाजार ढेप विकत घेत असतो, हे ज्यास समजले त्यास विकण्याची वेळ व राखून ठेवण्याचे प्रमाण ठरविता येईल.

तीळ, जगनी, भुईमूग व बुरशी

धुऱ्यावरील तिळाची व डोंगरी जमिनीतील जगनीची ढेप ही दोन्ही चांगली खाद्ये आहेत. भुईमुगाची ढेप प्रथिनात श्रेष्ठ, परंतु दमट हवेत तिच्यावर बुरशी फार लवकर चढते. १९६० साली इंग्लंडात टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी थोड्या महिन्यांत मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या ढेपेवरील बुरशीचे विष हे त्याचे कारण ठरले. त्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृत बिघडविते, आणि गाईने खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो व घरातील मुलांच्या पोटात जातो. ढेप उकळल्याने किंवा उन्हात घातल्याने ते जात नाही. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसात पोते भिंतीस टेकून ओल्या जमिनीवर ठेवणे म्हणजे बुरशीस आमंत्रण देणे होय. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावे. हिरवी-काळी बुरशी किंवा कुबट वास आलेली ढेप जनावरास, विशेषतः दुभत्या गाईस, घालू नये.

जंगलातील तेलबिया : खत होय, खाद्य नव्हे

आपले जिल्हे जंगलाचे आहेत. येथे मोह, करंज, कडुनिंब ह्यांच्या बिया ज्येष्ठ-आषाढात गोळा होतात. मोहाच्या बियांचे (ज्यांस बरेच ठिकाणी टोळी म्हणतात) तेल खाण्यात व दिव्यात वापरण्याची जुनी चाल आहे. तेल खाण्यास चालते म्हणून ढेपही चालेल, असे अनुमान कोणी काढू नये. मोहाच्या ढेपेत रिठ्यासारखे फेसाळ, कडू द्रव्य असते. त्याने जनावराचे आतडे सोलवटते, हगवण लागते. करंजाची ढेप कडू व अपायकारक आहे. निंबोळीची कडू असते. एरंडीच्या ढेपेत रिसिन नावाचे विष इतके तीव्र असते की थोड्या प्रमाणातही जनावर दगावते. ह्या विषारी ढेपी खास प्रक्रियेने निर्दोष करण्याचे प्रयोग झालेले आहेत, परंतु ती प्रक्रिया घरी करण्याजोगी नाही.

ह्यांची खरी जागा शेतात आहे. नत्राचे प्रमाण निंबोळी ढेपेत शेकडा सुमारे ५, एरंडी ढेपेत ४, करंज ढेपेत ४ व मोह ढेपेत २॥ असते. मोह ढेपेचा दुसरा एक उपयोग आपल्या माजी मालगुजारी तलावांस फार मोलाचा आहे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तलावातील खादाड मासे मारण्याकरिता हेक्टरास, मीटरभर खोल पाण्यास, २,५०० किलो ह्या प्रमाणात ती टाकतात. मासे तिने गुदमरतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी विष ओसरले म्हणजे तीच तलावास खत होते. त्या मुदतीत गुरांस त्या तलावावर पाजू नये. मोहाची वाळलेली फुले मात्र साखरेने भरलेली असतात. ती थोड्या प्रमाणात भरड्यात मिसळून घालण्यास हरकत नाही, आंबलेली घालू नयेत.

किती घालावी

गावठी गाईस पोटाकरिता दररोज एक ते सव्वा किलो मिश्र खुराक, व त्यावर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो द्यावा. म्हशीस दर दोन लिटरमागे एक किलो द्यावा. गाभण जनावरास शेवटचे दोन-तीन महिने सव्वा किलो जास्त घालावा. एक लिटर दुधास सुमारे ९० ग्रॅम प्रथिन लागते, आणि एक किलो जवसाच्या ढेपेत ३०० ग्रॅम असते, एवढे ध्यानात ठेविले तर हिशेब सुचतो. औताच्या बैलास चिखलणीच्या एक महिना आधीपासून दररोज अर्धा ते एक किलो ढेप सुरू करावी. काम सुरू झाल्यावर एकदम पोतेभर चारण्यापेक्षा हे हिताचे होय. आपल्याकडील कठाणी जातीची गुरे अंगाने लहान, त्यांस प्रमाण त्या मानाने कमी पुरते. ह्या जातीची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने केली आहे, हे आपणांस भूषणावह आहे. परंतु जात कागदावर नोंदली जाते, टिकते ती गव्हाणीवरच.

घरी मिश्रण करावयाचे तर शंभर किलोस : ढेप ३२, कणी, मका किंवा ज्वारीचा भरडा ३५, कोंडा २०, तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी १०, खनिज मिश्रण २ व मीठ १ किलो. ह्यात जवसाची ढेप घातल्यास प्रथिन सुमारे १७ टक्के पडते. दुभत्या म्हशीकरिता ढेपेचा काही भाग सोयाबीनचा घालावा. कोणतेही नवे खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे.

विकत घेताना

ढेपेचा भाव पोत्यावरून न पाहता प्रथिनावरून पाहावा. समजा, एक ढेप क्विंटलास ३,००० रुपये असून तिच्यात प्रथिन २२ टक्के आहे, आणि दुसरी ४,२०० रुपये असून तिच्यात ४४ टक्के आहे. पहिलीतील एक किलो प्रथिन १३६ रुपयांस, व दुसरीतील ९५ रुपयांस पडले. महाग दिसणारी स्वस्त ठरली.

भेसळ ओळखण्यास दोन सोप्या परीक्षा आहेत. चुरा काचेच्या ग्लासात पाण्यात घुसळून ठेवावा. वाळू तळाशी बसते, तूस व फोलपट वर तरंगते. दुसरी युरियाची, कारण प्रथिनाचा आकडा खोटा फुगविण्यास युरिया घालतात. ढेपेचा चुरा व कच्च्या सोयाबीनचे पीठ कोमट पाण्यात कालवून बाटलीस बूच लावून अर्धा तास ठेवावे. बूच काढताच तबेल्यासारखा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर युरिया आहे असे समजावे. तयार खाद्याच्या पोत्यावर भारतीय मानक २०५२ चे चिन्ह व प्रथिनाचे प्रमाण छापलेले आहे की नाही ते वाचावे, व पावती घ्यावी. पावतीवाचून तक्रार टिकत नाही.

हिशेब

आता व्होएल्कर साहेबांच्या मुद्द्याकडे परत वळू. एक क्विंटल जवस विकले म्हणजे त्याबरोबर सुमारे २० किलो प्रथिन, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास नत्र घराबाहेर जाते. आजच्या सवलतीच्या भावाने तेवढे नत्र सात किलो युरियात, पन्नास रुपयांच्या आत मिळते. तेव्हा केवळ खताकरिता ढेप राखावी हे म्हणणे आज तितके जोरदार राहिलेले नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच ६० ते ६५ किलो ढेपेत एका दुभत्या गाईस दररोज एक किलोप्रमाणे दोन महिने पुरेल इतके खाद्य आहे. ते दोन महिने वैशाख-ज्येष्ठाचे असले तर त्याची किंमत निराळीच. शिवाय खाल्लेले नत्र नष्ट होत नाही. औताचा बैल जवळजवळ सर्व, व दुभती गाय सुमारे तीन-चतुर्थांश नत्र शेण व मूत्र ह्यांवाटे परत करिते. त्यातील निम्मे मूत्रात असते, व ते आपण गोठ्याच्या जमिनीत जिरू देतो. उष्टे तणस खाली पसरून ते शोषून घेतले व खड्ड्यात टाकले, तर ढेपेचे मोल दुसऱ्यांदा वसूल होते, आणि जमिनीस नुसत्या युरियाने न मिळणारा सेंद्रिय अंशही मिळतो.

कर्तव्य

एकट्या शेतकऱ्याने दोन पोती जवस घेऊन घाणीचा शोध करीत फिरावे, हे व्यवहार्य नाही. परंतु संघाच्या सभासदांनी मिळून काही गोष्टी करिता येतील. पहिली, गावाने एका चकातील बांध्यांत एकत्र उतेरा पेरावा व राखणीचा खर्च वाटून घ्यावा, म्हणजे मोकाट गुरांची अडचण निम्मी होते. दुसरी, चार-पाच गावांच्या मध्ये विजेवर चालणारी एक घाणी किंवा लहान एक्स्पेलर असावा. गाळाई रोखीने घ्यावी किंवा तेलाच्या रूपाने घ्यावी, परंतु ढेपेच्या रूपाने घेऊ नये. ढेप बियाच्या मालकास परत गेली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल–तेलबिया अभियानात शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्थांस तेल काढण्याच्या यंत्रसामग्रीकरिता साहाय्याची तरतूद आहे. जिल्हा कृषि अधीक्षकांच्या कचेरीत लेखी अर्ज करून पोच घ्यावी. तिसरी, जंगलातील टोळी, करंज गाळावयाचे असल्यास ते काम निराळ्या यंत्रावर किंवा हंगामाच्या अखेरीस करावे, व यंत्र पूर्ण साफ केल्यावाचून त्यावर खाद्याची बी घालू नये. विषारी ढेपेचे पोते निराळ्या रंगाचे असावे व खाद्याच्या कोठीत ठेवू नये.

आम्ही चाकरीत असता मेलेल्या जनावरांचे पंचनामे पुष्कळ पाहिले. मरणाच्या कारणाच्या रकान्यात वीज, पूर, वाघ, सर्प अशी नावे येतात. उपासमार हे नाव कधी येत नाही, कारण तणस तर गव्हाणीत असतेच. ह्या न लिहिल्या जाणाऱ्या कारणाचा बंदोबस्त मात्र कोणत्याही कचेरीच्या हाती नसून तो आपल्याच खळ्यावर आहे. येत्या हंगामात प्रत्येक सभासदाने पिकलेल्या जवसापैकी निदान चौथा हिस्सा गाळून ढेप घरी ठेवावी, आणि चिखलणीस बैल जुंपण्यापूर्वी व नंतर त्यांची स्थिती कशी राहिली ते ह्या मासिकास कळवावे. अनुभवांती जे खरे ठरेल तेच इतरांस सांगण्याजोगे होईल.